हमामखान्याचा धूर आणि शेजाऱ्याची खिडकी

गेल्या वर्षी डिसेंबरातल्या एका सकाळी अम्मी न्हाणीतून बाहेर आली आणि कॉटवर बसता बसता आडवीच झाली. डोकं दुखतंय, मळमळतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, असं म्हणाली. आम्हाला वाटलं, रक्तदाब असेल. उघड्या खिडकीजवळ अर्धा तास बसल्यावर तिला बरं वाटू लागलं. संध्याकाळी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्तदाब तपासला, तो ठीक होता. मग त्यांनी विचारलं, "गिझर कुठला आहे? गॅसचा? आणि तो बाथरूमच्या आतच लावलाय?"

मी हो म्हणालो. तेव्हा डॉक्टर जे बोलले ते ऐकून मला घाम फुटला. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मग पायातलं बळ जातं. माणूस कडी काढायलाही उठू शकत नाही. गॅस गिझरनं न्हाणीत गुदमरून माणसं दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात. त्या मी वाचल्या होत्या. पण आपल्या घरात तर एक्झॉस्ट फॅन आहे, मग आपल्याला कसली भीती, असं मी धरून चाललो होतो.

त्या पंख्यानंच घात केला होता. तो कसा, हे समजून घेताना मी इतिहासात शिरलो. माझा पेशा भाषा शिकवण्याचा, त्यामुळं सुरुवात एका शब्दापासून झाली. तो शब्द म्हणजे हमाम.

घरातली चूक

आधी आमची खोली कशी होती ते सांगतो. कोल्हापूरच्या जुन्या वस्तीत चढउतार बराच आहे. आमचं घर उतारावर आहे. रस्त्याच्या बाजूनं पाहिलं तर एक मजला, मागच्या बोळातून पाहिलं तर दीड. तो खालचा अर्धा मजला म्हणजे अब्बांच्या वेळची लाकडं-गोवऱ्यांची कोठी. तीन बाजूंना माती, चौथी बाजू बोळाकडं. 2019 आणि 2021 च्या महापुरातही पाणी इथवर आलं नव्हतं. अम्मीच्या गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर आम्ही ती कोठी दुरुस्त केली आणि तिथंच वुजूला, आंघोळीला न्हाणी काढली.

मिस्त्री म्हणाला, "सर, भोक पाडून फॅन बशिवला की झालं बगा." तो पंखा भिंतीतल्या भोकात बसवायचा, सहा इंची. पण न्हाणीची भिंत थेट बोळाला लागत नव्हती. म्हणून पंख्याला पंधरा फुटांचा चुणीदार लवचिक पाइप जोडला, त्याला तीन वळणं दिली आणि त्याचं तोंड बोळात काढलं. पंखा आहेच तर झरोका कशाला, म्हणून जुना झरोका बुजवला. वाफ खोलीत येऊ नये म्हणून दरवाजाही खालपर्यंत घट्ट बसवला.

यात तीन चुका होत्या. हवा आत यायला वाट नव्हती. जी वाट बाहेर जायला दिली ती पंख्याच्या ताकदीबाहेरची होती. आणि त्याच कोंडलेल्या जागेत आग पेटत होती. आत हवा येत नसताना पंखा ओढू लागला की खोलीतला दाब कमी होतो आणि गिझरचा जळका वायू वर निघून जाण्याऐवजी खोलीतच मागं फिरतो. पंखा नसता तरी धोका होताच. पंख्यानं तो वाढवला आणि वर आम्हाला निर्धास्त केलं.

जमिनीखालची न्हाणी जुनीच आहे

हमाम हा शब्द अरबी, उष्णतेच्या अर्थाच्या धातूपासून आलेला. मराठीत तो हमामखाना होऊन राजवाड्यांच्या वर्णनात राहिला आणि पुढं साबणाच्या वडीवर आला. आमच्या न्हाणीचे शब्द जमवले तर हौद अरबी, रोशनदान आणि तहखाना फारसी, न्हाणी संस्कृत स्नानातून आलेली. इतक्या भाषा चार बाय सहाच्या जागेत नांदतात.

इराणातले जुने हमाम बरेचसे अर्धे जमिनीत असत. त्याची कारणं दोन. मातीत गाडलेली भिंत उष्णता धरून ठेवते, आणि जमिनीखालून आलेलं कनातीचं पाणी उताराने आपोआप आत येतं. काशान शहरातला सुलतान अमीर अहमद हमाम 16 व्या शतकातला आहे. त्याच्या छतावर गेलं की मातीच्या बुटक्या घुमटांची रांग दिसते. त्या घुमटांना फुगीर काचा बसवल्या आहेत. खाली उजेड पोचतो, पण छतावरून खालचं माणूस दिसत नाही.

अशा हमामात आधी कपडे बदलायची जागा, मग थंड किंवा कोमट दालन आणि सर्वांत आत गर्मखाना. गरम पाण्याच्या हौदाला इराणात खजीना म्हणत. त्याच्या खाली भट्टी असे, तिचं नाव गुलखन. हिशेब असा की भट्टी पेटवणारा नोकर आणि नाहणारा माणूस यांची हवा एक होत नसे. भट्टीचं तोंड दुसऱ्या बाजूला, तिचं लाकूडफाटं आणायचं दारही वेगळं. भट्टीचा धूर गर्मखान्याच्या फरशीखालच्या पोकळ नळ्यांतून फिरे. त्या नळ्यांना फारसीत 'गुर्बेरौ' म्हणतात, म्हणजे मांजराची वाट. फरशी तापवून तो धूर भिंतीतल्या धुराड्यातून छताच्या वर निघून जाई. म्हणजे धुराची ऊब नाहणाऱ्याला मिळे, पण धूर त्याच्या नाकाला लागत नसे. पंखा नव्हताच. तापलेली हवा वर चढते, तेवढ्या जोरावर सगळं चाले.

ही विद्या इराणी आणि मध्य आशियाई कारागिरांबरोबर दख्खनेत आली. बहमनी आणि आदिलशाही दरबारात इराणातून आलेले लोक किती होते, हे सांगायला एकटा महमूद गावान पुरे. गीलानचा हा माणूस बहमनी राज्याचा वजीर झाला आणि 1472 साली त्यानं बिदरला मदरसा उभा केला. त्याच बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या शाही हमामात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. दौलताबादच्या किल्ल्यात हमाम आहे. खानदेशाच्या शिवेवरच्या बुऱ्हाणपूरला तापीकाठच्या शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर रंगीत नक्षी अजून दिसते. पन्हाळा ज्या विजापूरच्या ताब्यात होता, तिथल्या सात मंजिल महालात तर वरच्या मजल्यांवरही पाण्याचे नळ आणि हौद खेळवले होते. यातलं बहुतेक काही राजेलोकांसाठी होतं, हे खरं. सामान्य माणूस नदीवर किंवा विहिरीवर नाहत असे. पण आग आणि आंघोळ वेगळी ठेवायची, ही अक्कल राजेलोकांची नव्हती. ती गवंड्यांची होती.

आमच्या न्हाणीत मी गुलखन आणून थेट अम्मीच्या डोक्यावर टांगला होता.

तोच धूर, उलट कामाला

कोंडलेल्या जागेतला धूर काय करू शकतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. त्याचा पुरावा दौलताबादच्या अंधारीत आहे. शाळेची सहल तिथं नेली की मुलांना ती अंधारी फार आवडते. डोंगराच्या पोटातून वर जाणारा काळोखा, वळणावळणाचा मार्ग. शत्रू इथवर आलाच तर वरचं तोंड लोखंडी झाकणानं बंद करून त्यावर विस्तव पेटवायचा. त्या विस्तवाला वारा मिळावा म्हणून जवळच खडकात भोक खोदलेलं आहे. झाकण तापून लाल होई आणि धूर भुयारात कोंडे.

म्हणजे हवेचा नियम तोच. हमामात त्या नियमानं धूर माणसापासून दूर नेला, अंधारीत त्याच नियमानं तो माणसावर सोडला. दोन्ही ठिकाणी बांधणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे हवा कुठून शिरणार आणि कुठून निघणार. मला ती ठाऊक नव्हती.

उच्छ्वास

एक्झॉस्टला मराठीत काय म्हणावं, असं मला एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं. तेव्हा मी 'वायुनिष्कासक' असं काहीतरी पुस्तकी सांगून वेळ मारून नेली. खरा शब्द पुण्यात पडून आहे. 18 व्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणण्यासाठी जमिनीखालून नळ बांधला. त्याच्या वाटेवर ठरावीक अंतरानं वर उघडणारी जी बांधीव तोंडं आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळात हवा कोंडू नये आणि माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी, अशी दोन्ही कामं ती करतात.

हीच रीत त्याआधी बिदरला दिसते. नौबादजवळ 15 व्या शतकातली बहमनी काळातली करेज आहे. जमिनीखाली खडकात कोरलेला बोगदा आणि त्यावर एकामागून एक उभ्या विहिरी. खोदताना त्यांतून माती वर आली आणि खाली उतरलेल्या मजुराला हवा मिळाली. बुऱ्हाणपूरला 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात झालेल्या कुंडी भंडाऱ्याला अशा कुंड्यांची लांब ओळच आहे. औरंगाबादला मलिक अंबरानं नहर आणली, तीही याच जातीची. इराणी करेज, हबशी वजिराची नहर आणि ब्राह्मण पेशव्याचा नळ ही एकाच विद्येची भावंडं आहेत. कोण कुणाकडून शिकलं यावर हल्ली लोक हमरीतुमरीवर येतात. जमिनीखाली उतरणाऱ्या मजुराच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट एकच होती. वर भोक आहे की नाही.

पन्हाळ्यावरची अंधारबाव तर आपल्या घरची. आदिलशाही काळातली ही तीन मजली विहीर. तळाला पाणी, मधल्या मजल्यातून तटाबाहेर पडायची वाट, वर पहाऱ्याची जागा. ती बाहेरची वाट हवेसाठी नव्हती, निसटण्यासाठी होती. पण खालच्या पाण्याजवळ कधी उभे राहिलात तर पाहा. इतकं खोल असूनही तिथं गुदमरल्यासारखं होत नाही.

हवा बाहेर म्हणजे कुणाकडं?

गिझरचा उलगडा झाल्यावर मी तो काढून टाकला आणि विजेचा बसवला. झरोका उघडला. तेव्हा अम्मीनं दुसरीच गोष्ट काढली. "उनकी खिडकी म्हैनेभर से बंद है. तेरेकू दिखी नै क्या?"

बोळ जेमतेम चार फुटांचा. आमच्या पाइपचं तोंड बरोबर शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होतं. न्हाणीतली वाफ, साबणाचा आणि संडासाचा वास, सगळं त्यांच्या ओट्यावर जात होतं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी खिडकी लावून घेतली. चाळीस वर्षांचा शेजार असा न बोलता बंद होतो. आजकालच्या दिवसांत तर त्या बंद खिडकीचा अर्थ लावायला दोन्हीकडचे पुष्कळ लोक टपलेले असतात. कारण मात्र एवढंच होतं. एक पाइप, चुकीच्या जागी.

सहीह बुखारी आणि मुस्लिममध्ये हदीस आहे की कच्चा लसूण-कांदा खाऊन आलेल्यानं मशिदीपासून दूर राहावं. प्रेषित मुहंमद (स.) यांनी लसूण हराम ठरवला नाही. आपल्या वासाचा दुसऱ्याला त्रास होऊ नये, एवढाच मुद्दा होता. 'ला जरर व ला जिरार' हे फिकहचं सूत्र मदरशात पहिल्या काही धड्यांत शिकवतात. स्वतः कुणाचं नुकसान करू नये आणि नुकसानाला नुकसानानं उत्तर देऊ नये, असा त्याचा अर्थ. उस्मानी साम्राज्यानं 1869 ते 1876 या काळात हनफी कायद्याचं जे संकलन केलं, त्या मजल्लात हे 19 वं कलम आहे.

या सूत्राची रोजच्या बांधकामाशी गाठ घालणारा एक माणूस मला फार आवडतो. इब्न अल-रामी त्याचं नाव. 14 व्या शतकाच्या सुरुवातीला ट्युनिस शहरात तो गवंडी होता. शेजाऱ्यांचे बांधकामाचे तंटे काझीपुढं आले की जागेवर जाऊन पाहणी करणारा जाणकार म्हणून काझी त्याला पाठवत असे. त्या अनुभवावर त्यानं बांधकामाच्या नियमांचं पुस्तक लिहिलं. शेजाऱ्याला होणाऱ्या त्रासांत त्यानं धूर, वास आणि आवाज यांचा विचार केला आहे. हमामाचा आणि भटारखान्याचा धूर, कातडी कमावणाऱ्यांकडची दुर्गंधी, हे त्यातले तंटे. सातशे वर्षांपूर्वीचा एक गवंडी कायद्याच्या पुस्तकात धुराची दिशा बघतो आणि मी बीएड झालेला माणूस स्वतःच्या पाइपचं तोंड बघत नाही.

प्लेगनं शिकवलेला धडा

आपल्याकडं हवा हा सरकारी विषय झाला तो प्लेगनंतर. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोग कोंदट हवेनं पसरतो अशी तेव्हा समजूत होती. ती चुकीची होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. पण त्या समजुतीपोटी दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले गेले. मोहम्मद अली रोडही याच ट्रस्टच्या कामातला. इमारतींमध्ये घरगल्ल्या होत्या, त्यांत मोऱ्या आणि संडास उघडत. सगळ्यांची घाण तिथं जाई आणि ती साफ करणाऱ्या भंगी समाजाच्या माणसांचा विचार कुणी करत नसे. आमच्या बोळासारखीच ती गोष्ट. 'बाहेर' म्हणजे कुणाचीच जागा नाही, असं घरातला माणूस धरून चालतो. त्या जागेत कुणीतरी श्वास घेत असतं.

कोल्हापूर संस्थानातही प्लेग आला. शाहू महाराजांच्या काळात लोकांना गावाबाहेर छप्परं बांधून मोकळ्यावर राहावं लागलं. आजच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत तळघराचं छत आजूबाजूच्या जमिनीपासून निदान 0.9 मीटर वर असावं, म्हणजे झरोक्याला जागा राहते, आणि हवा कमी पडत असेल तर दर 50 चौरस मीटरला एक एक्झॉस्ट पंखा असावा, असं सांगितलं आहे. नियम आहेत. ते मिस्त्रीपर्यंत पोचत नाहीत आणि आपण विचारत नाही.

शेवटी काय केलं

ज्यांच्या घरी असं काम निघालंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. चुणीदार पाइप काढून चार इंची गुळगुळीत पीव्हीसी पाइप घातला, वळणं दोनच. भिंतीतला पंखा लांब पाइपातून हवा ढकलू शकत नाही. त्यासाठी पाइपातच बसणारा पंखा मिळतो, तो घेतला. पाइप बोळात न सोडता आमच्याच भिंतीनं सरळ वर, गच्चीच्या कठड्यापलीकडं नेला. वर पावसासाठी टोपी, कबुतरांसाठी जाळी. उभ्या पाइपात वाफेचं पाणी होऊन ते खाली पंख्यावर टपकतं, म्हणून पायथ्याशी टी बसवून ते पाणी मोरीत काढलं. पंखा बंद असताना बाहेरची हवा उलटी येऊ नये म्हणून झडप. दरवाजाखाली एक इंच फट. ती नसेल तर उरलेलं सगळं वाया. हा पाइप ड्रेनेजच्या हवेच्या पाइपला कधीही जोडू नका. गटाराचा वास घरात येईल. आणि पावसाळ्यात दिवसभर पंखा चालवून तळघर सुकत नाही. बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर येऊन उलट घाम धरते. आंघोळीच्या वेळी आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं, एवढं पुरे.

तपासणी अम्मीनंच केली. जुम्म्याला ती ऊद लावते. ती ऊददाणी तिनं न्हाणीच्या उंबऱ्याशी ठेवली, दार लावलं, पंखा सुरू केला. धुराची रेघ फटीतून आत वळली. मी गच्चीवर उभा होतो. थोड्या वेळानं पाइपच्या तोंडाशी उदाचा वास आला आणि वाऱ्याबरोबर नदीच्या दिशेनं गेला.

काकूंना मी जाऊन सांगितलं की पाइप काढलाय, चूक आमची होती. त्या म्हणाल्या, "अरे, कळंना झालं होतं कसं सांगावं. तुझ्या आईला वाईट वाटंल म्हणून गप बसले." दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी वुजू करून बाहेर आली तेव्हा समोरची खिडकी उघडी होती आणि फोडणीचा वास आमच्याकडं येत होता.